शिक्का मारलेली नोटीस

माझा स्वभाव तापट आहे. रिसोडात कोणालाही विचारा, पत्ता सांगायच्या आधी तेच सांगतील. धान्य बाजारासमोर पहिल्या मजल्यावर माझं दुकान आहे. खाली सोयाबीनची पोती उतरतात, वर मी वेबसाईट बनवते. मंगल कार्यालयं, बियाण्यांची दुकानं, शिरपूरला येणाऱ्या यात्रेकरूंसाठीचा एक लॉज, दोन-चार शाळा-कॉलेजं, असं माझं गिऱ्हाईक. सुरुवात लग्नपत्रिका टाईप करण्यापासून केली आणि इथवर आले ती कोणाचं फारसं ऐकून न घेता.

गिऱ्हाइकाला काय पाहिजे असतं ते मला तोंडपाठ आहे. वर सरकते फोटो पाहिजेत. अध्यक्षांचा हसरा फोटो पाहिजे. आणि एक लाल पळती पट्टी पाहिजे, तिच्यावर 'नवीन' असं लुकलुकलं पाहिजे. एवढं दिलं की माणूस खूश होऊन चहा पाजतो. आतमध्ये मी काय लिहिलं, बरोबर लिहिलं की वाकडं, हे अकरा वर्षांत एकानंही विचारलं नाही. मग मी तरी कायले डोकं लावू?

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. आमच्याकडं शिक्क्याशिवाय कागदाला कागद म्हणत नाहीत. एका संस्थेचं कॉलेज माझ्याकडं होतं. तिथले मोठे बाबू नोटीस जुन्या फॉन्टात टाईप करायचे, छापायचे, सही घ्यायचे, गोल शिक्का मारायचे. मग तो कागद टेबलावर पसरून मोबाईलनं त्याचा फोटो काढायचे आणि मला पाठवायचे. मी तो फोटो जसाच्या तसा साईटवर चढवायचे. कधी फोटोत बाबूंचा अंगठा यायचा, कधी चहाचा कप. एकदा मी म्हटलं, "बाबू, नुसता मजकूर पाठवा न, मी टाईप करून टाकते." ते म्हणाले, "ताई, शिक्का नाई दिसला त लोक म्हणतीन कोण्या रिकामटेकड्यानं बनवली." मला पटलं. खरं सांगायचं तर टाईप करायचं वाचलं म्हणून जास्तच पटलं.

साईटच्या तळाशी 'निर्मिती' असं लिहून मी माझा नंबर टाकते. हौस, दुसरं काय. त्या हौसेपायी अर्धा जिल्हा मला फोन करतो. निकाल लागला काय, फी किती, सुट्टी कधी, साहेब आले काय. कॉलेजात लिपिकाची एक जागा निघाली तेव्हा तर पंधरा दिवस फोन थांबेना. शेवटी शेवटी एका दुपारी असाच एक फोन आला. खाली हमालांचा आरडाओरडा चालला होता, वीज दोनदा जाऊन आली होती, आणि माझं डोकं आधीच तापलेलं.

"ताई, त्या लिपिकाच्या जागेची नोटीस आली काय?" माणसाचा आवाज होता, चाळिशीच्या पुढचा.

"आली न. साईटवर टाकली. पाहा."

"पाह्यली साईट. तिथं काई सांगूनच नाई राह्यलं."

"सांगन कायले? लिहिलेलं हाये. वाचा."

"वाचलं जाऊन नाई राह्यलं ताई. तुमी जरा..."

"भाऊ, डोये हायेत न तुमाले? मंग उघडून पाहा न."

मग तो म्हणाला, "बरं ताई," आणि त्यानं फोन ठेवला. मी माझ्या कामाला लागले. मला माझ्या बोलण्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जिन्यावर काठीची टकटक ऐकू आली. पायरी, टकटक, पायरी. एक माणूस दारात उभा राहिला. पांढरी काठी, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कागदपत्रांची पिशवी. त्यानं काठीनं उंबरा चाचपला आणि म्हणाला, "काल मी फोन केला व्हता ताई. तुमी म्हणलं डोये उघडून पाहा. म्हणलं, जाऊनच पाहाव लागन." आणि हसला.

गिऱ्हाइकाला 'चुकलं माझं' असं मी जन्मात म्हटलं नव्हतं. त्याला म्हटलं, दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "राहू द्या. पाणी पाजा आधी. केनवडहून जीपमधी उभा राहून आलो."

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं आपलं सांगितलं. सातव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि नजर गेली. अंधशाळेत शिकला, बी.ए. झाला, संगणक शिकला. गावातल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून रोज परीक्षेची तयारी करायचा. वडिलांची थोडी शेती, त्यात भाऊ राबतो. ही लिपिकाची जागा दिव्यांगांसाठी राखीव होती, आणि त्याच्या वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. "या वर्षी नाई झालं त मंग कवाच नाई," तो म्हणाला. सांगताना आवाज अगदी साधा होता, जीपची वेळ सांगावी तसा.

मी पटकन संगणकावर त्या नोटिशीचा फोटो उघडला. अर्ज साईटवरच भरायचा होता, आणि मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती; मीच साईटवर लावली होती आणि विसरले होते.

"आणा तुमचे कागद," मी म्हटलं. "पाच मिनिटांत भरून देते."

"नाई ताई. मीच भरीन."

"अहो, येळ कुठं हाये?"

"मागच्या बारीले फार्म भराच्या सेंटरवाल्यानं भरून देला व्हता," तो म्हणाला. "चांगला माणूस. पण दिव्यांगच्या खान्यात 'नाही' दाबलं त्यानं. मले कसं दिसन? छाननीत अर्ज बाद झाला तवा समजलं. आता दुसऱ्याच्या बोटावर माहा भरोसा नाई, राग मानू नका. अन नोकरी संगणकाची हाये. फार्मच दुसऱ्यानं भरला त मी तिथं जाऊन काय करू?"

मी म्हटलं, "मंग काल कायनं अडलं ते दाखवा."

त्यानं फोन काढला. पडदा काळाच होता, त्यानं तो चालू ठेवायची तसदीच घेतली नव्हती. बोट फिरवलं आणि फोन बोलायला लागला. इतक्या वेगानं की मला एक अक्षर कळेना, नुसती करकर. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "माह्या कानाले सवय हाये. थांबा, तुमच्यासाठी हळू करतो." त्यानं वेग कमी केला, मला दिसावं म्हणून पडदाही चालू केला आणि माझी साईट उघडली. अकरा वर्षं मी साईट दाखवत आले होते. ऐकली त्या दिवशी पहिल्यांदा.

"चित्र. चित्र. चित्र. क्लिक हिअर. क्लिक हिअर. क्लिक हिअर." माझ्या सरकत्या फोटोंनी त्याला तीनदा परत पानाच्या सुरुवातीला फेकलं. फोनचे स्वतःचे ठरलेले शब्द तेवढे मराठीत होते; पळत्या पट्टीवरचा माझा मजकूर आला की एक बाई इंग्रजी आवाजात आमच्या मराठीची अक्षरं गिळत होती, मध्येच एखादा आकडा तेवढा थुंकत होती. मग नोटीस आली. माझी सही-शिक्क्याची नोटीस. फोन म्हणाला, "चित्र. आय एम जी शून्य शून्य चार सात." आणि पुढं गेला. अर्जाचं पान तर विचारू नका. अकरा रकाने, आणि प्रत्येकावर एकच, "संपादन चौकट. संपादन चौकट." कुठं नाव, कुठं जन्मतारीख, काही नाही. शेवटी मी हौसेनं बसवलेली ती चित्रातली वाकडी अक्षरं, माणूस आहे की यंत्र हे ओळखायला. ती ओळखली तरच अर्ज जाणार होता. म्हणजे माझ्या हिशेबानं समोर बसलेला हा माणूस माणूसच नव्हता.

मला स्वतःचा इतका राग आला की मी माऊस आपटला. तो म्हणाला, "माऊसवर कायले काढता? किती वाजले?"

साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं, "हे पाहा, पाचला फार्म बंद व्हायचं मीच लावलं हाये. मी पाचचे सात करून टाकते, कोणाले मालूम पडन?"

"नका करू. उद्या कोणी बोट दाखवलं त आलेली जागा जाईन."

मग बाबूंना फोन लावला. त्यांना सांगितलं की नोटिशीचा मजकूर पानावर टाईप करून टाकते आणि अर्जाचं पान जरा सुधारते. ते लगेच म्हणाले, "अन शिक्का?" मी म्हटलं, शिक्क्याचा फोटो वरच राहील, हलवणार नाही, खाली मजकूर येईल. त्यांनी विचार केला. "वर शिक्का दिसला पाह्यजे बरं ताई. बाकी खाली तुमाले काय लिहाचं ते लिहा." त्यांच्याकडून मजकुराची फाईल मागवली, ती माझ्याकडं उघडली तर जुन्या फॉन्टामुळं सगळा चिवडा. शेवटी फोटो पाहून मीच टाईप केलं. बारा ओळी होत्या. दहा मिनिटं लागली. अकरा वर्षं मी एवढ्या दहा मिनिटांचा कंटाळा केला होता.

मग बाकीचं कसं करायचं ते शोधायला मी वेबचे नियम उघडले. मानकं म्हणतात त्यांना. ती असतात हे मला माहीत होतं, पण कोर्सच्या परीक्षेपुरती. आता वाचत गेले आणि माझे हात थांबायला लागले. पहिलाच धक्का पानाच्या पहिल्या ओळीत होता. पानाची भाषा कोणती, हे तिथं सांगायचं असतं. मी कधीकाळी कुठूनतरी तयार सांगाडा उचलला होता, त्यात इंग्रजी लिहिलेलं, ते तसंच राहिलं. ते पुसून मी मराठीची दोन अक्षरं घातली, एम आणि आर. फक्त दोन. त्याला म्हटलं, आता पान परत उघडा.

फोनमधली बाई मराठी बोलायला लागली. स्वच्छ, न अडखळता, माझी ती टाईप केलेली नोटीस वाचत गेली, "खालील पदासाठी पात्र उमेदवारांकडून अर्ज मागविण्यात येत आहेत." खाली बाजारात पुकारे चालले होते, आणि इथं दोन अक्षरांवरून एक यंत्र ओळखत होतं की हे पान आमच्या भाषेतलं आहे. कोणीतरी, कुठल्यातरी देशात बसून, जगातल्या साऱ्या भाषांना अशी अक्षरं नेमून दिली होती, आणि त्यात आमची विसरली नव्हती. त्या माणसानं रिसोडचं नाव ऐकलं असेल काय?

मग फोटोचं. साईटवर फोटो टाकताना त्याच्या मागे एक जागा असते, ज्याला फोटो दिसणार नाही त्याच्यासाठी दोन शब्द लिहायची. ऑल्ट म्हणतात. ती मला माहीत नव्हती असं नाही. मी लिहायला बसले की ती जागा आपोआप यायची, रिकामी, आणि मी ती दरवेळी रिकामी सोडून पुढं जायचे. शेकडो फोटो टाकले असतील. प्रत्येकाच्या मागे ती जागा माझी वाट पाहत होती. वेब बनवणाऱ्यांनी फोटो दाखवायची सोय केली तेव्हाच न दिसणाऱ्याचा विचार करून ठेवला होता. मला भरून आलं. मी तोंड फिरवलं, तेवढ्यात आठवलं की तोंड फिरवायची इथं गरजच नाही.

तो मात्र कामात होता. मी एक दुरुस्त करायचे, तो तपासायचा. मास्तरासारखा कडक माणूस. "हे मथळे कायले असे टाकले?" तो म्हणाला. मी पत्त्याची अक्षरं जरा मोठी दिसावी म्हणून त्याला मथळा केलं होतं, आणि खऱ्या मथळ्यांना नुसतं जाड. तो म्हणाला, "मथळा म्हंजे माहा चौक हाये ताई. गावात मी चौक मोजत चालतो न, तसं पानात मथळे मोजत चालतो. तुमी भलत्याच ठिकाणी चौक देला त मी हरपतो." मी मुकाट्यानं सगळे चौक जागेवर आणले. कोणी मला माझ्याच दुकानात असं शिकवलं असतं तर एरवी मी जिना दाखवला असता.

वाकडी अक्षरं काढून तिथं साधी बेरीज ठेवली. मग एकेक रकाना घेतला आणि त्याला त्याचं नाव बांधलं. आधी नाव नुसतं शेजारी लिहिलेलं असायचं. ते रकान्याला बांधायचं असतं हे मला नव्यानं कळत होतं. त्यानं बोट ठेवलं. फोन म्हणाला, "उमेदवाराचे पूर्ण नाव. संपादन चौकट." तो एकदम सरळ बसला. पुढच्यावर बोट. "जन्मतारीख." पुढच्यावर. "शैक्षणिक पात्रता." त्याची बोटं घाईला आली, आणि मी खुर्चीत मागे टेकून नुसती पाहत राहिले. हे रकाने मी स्वतः बनवले होते. ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

सव्वाचारला तो अर्ज भरायला बसला. मला म्हणाला, "तुमी पाहू नका." मी म्हटलं, "बरं," आणि पाहिलंच. स्वभाव. तो भराभर लिहीत गेला, माझ्यापेक्षा वेगानं. शेवटी बेरीज घातली, 'सादर करा'वर दोनदा बोट टेकवलं आणि फोन कानाशी धरला.

फोन गप्प होता.

"झालं काय?" तो म्हणाला.

मी पडद्यावर वाकून पाहिलं. झालं नव्हतं. एका रकान्याभोवती लाल चौकट उमटली होती. चूक झाली की लाल, बरोबर झालं की हिरवं, असं मी करून ठेवलं होतं, आणि तोंडानं काहीच नाही. तो रकाना होता दिव्यांगचा. 'होय' आणि 'नाही' ही दोन बटणं मी शोभेची चित्रं लावून बनवली होती आणि नेमकी तीच दुरुस्त करायची राहिली होती. त्याचं बोट त्यांच्यावरून सरकून गेलं होतं. साडेचार वाजून गेले होते. माझं बोट फोनपासून वीतभर अंतरावर होतं. 'होय'वर टेकवलं असतं तर संपलं होतं सगळं. ते पुढं गेलंही.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "झालं नाई. दिव्यांगच्या खान्यात अडलं. चूक माही हाये. मले पंधरा मिनिटं द्या."

त्याचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच. "तोच खाना," तो म्हणाला. मग काठी दोन्ही हातांत धरून बसला. मी शोभेची चित्रं उपटून फेकली, साधी बटणं बसवली, त्यांना नावं बांधली, आणि अर्ज अडला किंवा गेला तर फोननं ते मोठ्यानं सांगावं अशी एक ओळ घातली. तशी ओळही त्या नियमांत होती. ज्याला लाल-हिरवं दिसत नाही त्याला सांगायचं कसं, याचाही कोणीतरी आधीच विचार केला होता. गंमत म्हणजे त्या नियमांवर कुठंही गोल शिक्का नव्हता, सही नव्हती. तरी केनवडहून आलेला एक फोन ते पाळत होता.

पाच वाजायला आठ मिनिटं होती. फोन म्हणाला, "दिव्यांग. होय. निवडले." त्यानं तेवढं तीनदा ऐकून घेतलं. मी घड्याळाकडं पाहत होते, ओठ चावून. मग त्यानं 'सादर करा' दाबलं.

"आपला अर्ज मिळाला आहे," बाई म्हणाली, आणि अर्जाचा क्रमांक सांगितला.

तो उठला, पिशवी खांद्याला लावली. "लय चांगली साईट बनवली ताई तुमी," म्हणाला. मला इतकी गिऱ्हाइकं नावाजून गेली, पण ते ऐकून मी जिन्यापर्यंत सोडायला गेले ती याच माणसाला.

नंतर त्याची परीक्षा झाली, मुलाखत झाली. मी माझ्या एकेक जुन्या साईटचे फोटो उघडून त्यांच्या मागच्या रिकाम्या जागा भरत होते. मंगल कार्यालयवाला म्हणाला, फरक तर काहीच दिसत नाही. मी म्हटलं, दिसायसाठी नाहीच केला.

एका दुपारी बाबूंनी निवड यादी पाठवली. सही, शिक्का, आणि कोपऱ्यात अंगठा. मी फोटो वर चढवला आणि खाली मजकूर टाईप करायला घेतला. लिपिक पदासमोर अर्जाचा क्रमांक होता. तो मी त्या दिवशी ऐकला होता, पाठच झाला होता. टाईप करताना माझी बोटं दोनदा चुकली. वाटलं, आत्ताच्या आत्ता त्याला फोन करावा. नंबर काढलासुद्धा. मग फोन ठेवून दिला, म्हटलं, त्याचं त्यालाच वाचू दे. यादी साईटवर गेली आणि मी फोन समोर ठेवून बसून राहिले. गिऱ्हाईक आलं त्याला म्हटलं, उद्या या.

तासाभरानं फोन वाजला. तो काही बोललाच नाही. तिकडून नुसती ती बाई बोलायला लागली. "मथळा. निवड यादी. लिपिक. निवड झालेल्या उमेदवाराचा अर्ज क्रमांक," आणि पुढं एकेक आकडा, सुटा सुटा, मला नीट कळावा असा. त्यानं वेग कमी करून ठेवला होता.